कॅब कॅलोवेच्या तबकड्या: एकच गाणं इतक्या वेळा का सापडतं?

दर १ जानेवारीला एक बातमी येते. अमेरिकेत अमुक सालची पुस्तकं, चित्रपट आणि गाणी आता सगळ्यांसाठी खुली झाली, कोणाचीही परवानगी न घेता वापरा. १ जानेवारी २०२७ ला हा मान १९३१ सालाचा आहे आणि त्या सालातलं एक गाणं जगभर ओळखीचं आहे: कॅब कॅलोवेचं ‘मिनी द मूचर’. ‘हाय-दी-हाय-दी-हाय-दी-हो’ अशी आरोळी आणि मागून तशीच परत येणारी साथ, एवढं सांगितलं तरी अनेकांना आठवेल.

आता हे गाणं मोबाइलवरच्या कुठल्याही ॲपवर शोधून बघा. एक नाही, कितीतरी सापडतात. एकाखाली १९९० लिहिलेलं, दुसऱ्याखाली २००८, तिसऱ्यावर नुसतंच ‘रीमास्टर्ड’. काहींत आवाज खरखरीत आणि लय संथ, काहींत बँड जोरात, तर एकात चक्क डिस्कोचा ठेका. मग खरं कुठलं? आणि खुलं होणार म्हणजे यातलं नेमकं काय खुलं होणार?

याचं उत्तर मिळवायचं तर त्या काळी रेकॉर्ड कशी व्हायची, कोण करायचं आणि पैसा कोणाकडे जायचा, हे थोडं बघावं लागतं. ते एकदा कळलं की कॅलोवेच काय, त्या पिढीतला कुठलाही जॅझ गायक-बँडलीडर ऐकताना गोंधळ होत नाही.

आधी माणूस कोण ते

कॅबेल कॅलोवे. जन्म २५ डिसेंबर १९०७, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर गावी, लहानपण बाल्टिमोरमध्ये. घरच्यांना त्याला वकील करायचं होतं. थोरली बहीण ब्लांश आधीच रंगमंचावर गात होती आणि तिच्या मागोमाग तो शिकागोला गेला. (ब्लांशनं पुढे स्वतःचा पुरुष वादकांचा बँड चालवला, १९३१ मध्ये रेकॉर्डही काढल्या. त्या काळात एका कृष्णवर्णीय बाईनं हे करावं ही साधी गोष्ट नव्हती. तिचं नाव भावाच्या गोष्टीत एका ओळीत संपतं याचं मला नेहमी वाईट वाटतं.) शिकागोत त्याची लुई आर्मस्ट्राँगशी गाठ पडली आणि त्याचं गाणं जवळून ऐकायला मिळालं. पुढे तो न्यूयॉर्कला आला, ‘मिसुरियन्स’ नावाच्या तयार बँडचा पुढारी झाला आणि त्या बँडला त्याचं नाव लागलं.

मग आला हार्लेममधला कॉटन क्लब. वाजवणारे, गाणारे, नाचणारे सगळे कृष्णवर्णीय आणि समोर बसून ऐकायची मुभा फक्त गोऱ्यांना. ड्यूक एलिंग्टनचा बँड तिथे प्रसिद्ध झाला होता. तो बाहेर गेला तेव्हा त्याच्या जागी कॅलोवे आला आणि क्लबमधून थेट रेडिओवर होणाऱ्या प्रक्षेपणांमुळे त्याचा आवाज देशभर पोचला.

स्विंग म्हणजे काय आणि बँडलीडर म्हणजे कोण

कॅलोवेचा बँड वाजवायचा ते स्विंग. स्विंग म्हणजे झोका. १९३५ ते १९४५ या दहाएक वर्षांत अमेरिकेत नाचासाठी वाजणारं, मोठ्या बँडचं जॅझ संगीत त्या नावानं ओळखलं जातं. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांच्या तीन रांगा, मागे पियानो, गिटार, बास आणि ड्रम. ठोके घड्याळासारखे ताठ पडत नाहीत, पाळण्यासारखे किंचित लांबतात आणि परत येतात. पाय आपोआप हलतो तो त्यामुळे.

बँडलीडर म्हटलं की आपल्याला वाटतं, सगळ्यांत चांगला वादक. तसं असायलाच हवं असं नाही. आपल्याकडच्या संगीत नाटक मंडळीतला मालक-नट आठवा. मुख्य भूमिका त्याची, नाव त्याचं, पगार तो देणार, गावोगावचे मुक्काम तो ठरवणार, ऑर्गन आणि तबल्यावरची माणसं तो निवडणार. कॅलोवे तसा होता. पांढरा शुभ्र लांब शेपटांचा कोट, कपाळावर उडणारे केस, हातात बॅटन आणि अख्खा रंगमंच पायाखाली. वाद्यं वाजवणारी दुसरी माणसं होती आणि त्यांच्याकडे आपण येणारच आहोत.

तेव्हा अल्बम नव्हता, तबकडी होती

आपण गायकाची कारकीर्द अल्बमच्या यादीनं मोजतो. १९३१ मध्ये अशी यादीच नव्हती. दहा इंची तबकडी, मिनिटाला ७८ फेरे, एका बाजूला साधारण तीन मिनिटं. गाणं तेवढ्यातच बसवायचं. रंगमंचावर ते दहा मिनिटं रंगत असेल, पण तबकडीला तीनच मिनिटं माहीत. आपल्या नाट्यपदांच्या जुन्या तबकड्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ही घाई ओळखीची आहे. आलाप उमलतोय तोवर बाजू संपते.

ती तबकडी ज्या पदार्थाची बनायची तो म्हणजे लाख. बांगड्यांची असते तीच. आणि जगाला ही लाख मुख्यतः भारतातून जायची. हार्लेममधला आवाज टिकून राहिला तो आपल्या जंगलांतल्या किड्यांनी केलेल्या लाखेवर, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या काळ्या तबकडीकडे नुसता बघत राहिलो होतो.

आता फक्त दोन शब्द लक्षात ठेवा. बँड स्टुडिओत जमला की एका बैठकीत सहसा चारएक गाणी व्हायची. आवाज थेट मेणाच्या चकतीवर कोरला जायचा, नंतर कापाकापी किंवा जोडाजोडी शक्य नव्हती. चूक झाली तर गाणं पुन्हा पहिल्यापासून. अशा प्रत्येक प्रयत्नाला ‘टेक’ म्हणतात. आणि त्या मूळ कोरणीला कंपनी जो क्रमांक द्यायची तो ‘मॅट्रिक्स नंबर’. म्हणजे गाणं, टेक आणि तबकडी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरणपोळीची कृती एकच असते, पण आजीनं अमुक दिवाळीला केलेली पोळी ही एकदाच होते. गाणं म्हणजे कृती, टेक म्हणजे त्या दिवशीची पोळी. सगळा गोंधळ या दोघांची गल्लत केल्यामुळे होतो.

३ मार्च १९३१

कॅलोवेच्या बँडच्या रेकॉर्ड १९३० च्या जुलैपासून ब्रन्सविक कंपनीकडे निघू लागल्या होत्या. ३ मार्च १९३१ ला ‘मिनी द मूचर’ कोरलं गेलं. चाल पूर्ण नवी नव्हती. ‘विली द वीपर’ नावाच्या एका जुन्या अफूबाजाच्या गाण्याचा तिच्यावर उघड ठसा आहे. मूचर म्हणजे इकडून तिकडून मागून खाणारी, उसनवारीवर जगणारी. ही मिनी स्मोकी नावाच्या नशेबाजाच्या नादी लागते, तो तिला अफू ओढायला शिकवतो आणि त्या धुंदीत तिला राजवैभवाची स्वप्नं पडतात.

तबकडी ऐका. सुरुवातीलाच तोंडाशी झाकण धरलेला ट्रम्पेट गुरगुरतो. लय अंत्ययात्रेसारखी संथ, सूर उदास. मग कॅलोवे गोष्ट सांगू लागतो, आवाज स्वच्छ, शब्द न् शब्द कळेल असा. कडवं संपलं की ‘हाय-दी-हाय’. बँडमधली माणसं तेच परत म्हणतात. तो पुन्हा म्हणतो, थोडं अवघड करून, आणि तेही परत येतं. एवढी दुःखाची गोष्ट आणि त्यात असा खेळ! या दोन्ही गोष्टी एकाच तीन मिनिटांत का राहतात आणि तरी खोटं का वाटत नाही, याचं उत्तर त्याच्या आवाजात आहे. तो मिनीची थट्टा करत नाही.

या निरर्थक अक्षरांच्या गाण्याला ‘स्कॅट’ म्हणतात. आपल्या कानाला ते परकं नाही. तराण्यात अर्थ शोधत कोण बसतं? आणि शाहिरामागून ‘जी जी रं जी’ ओढणारे झीलकरी ज्यांनी ऐकलेत त्यांना हाय-दी-होची रचना समजावून सांगायची गरज नाही. कॅलोवे स्वतः सांगायचा की एका थेट प्रक्षेपणात तो शब्द विसरला, तोंडाला येईल ते म्हणत सुटला आणि त्यातून हे निघालं.

लेबलं सारखी का बदलत राहिली?

कॅलोवेच्या तबकड्यांची यादी बघितली तर ब्रन्सविक, बॅनर, व्हिक्टर, पुन्हा ब्रन्सविक, व्हरायटी, व्होकॅलियन, ओकेह, कोलंबिया अशी नावं दिसतात. एखाद्याला वाटेल, याचं कुठेच पटत नव्हतं की काय.

कारण वेगळं होतं. मंदीनं अमेरिकेतला रेकॉर्डचा धंदा जवळपास बुडवला होता. १९२७ च्या आसपास वर्षाला दहा कोटींच्या घरात खपणाऱ्या तबकड्या १९३२ पर्यंत साठ लाखांच्या घरात आल्या. लोक रेडिओ फुकट ऐकत होते. कंपन्या विकल्या जात होत्या, एकमेकींत विरघळत होत्या. ब्रन्सविकची तबकडी ७५ सेंटला, तर स्वस्तातल्या दुकानांत बॅनरसारख्या नावांची तबकडी त्याहून बरीच कमी पैशांत मिळे. त्यामुळे तोच गायक, तोच बँड, एका वर्षात महागड्या आणि स्वस्त अशा दोन्ही लेबलांवर दिसतो.

शिवाय कॅलोवेचा मॅनेजर आयर्विंग मिल्स हा स्वतः गाण्यांचा प्रकाशक. एलिंग्टनही त्याच्याकडेच. १९३७ मध्ये मिल्सनं स्वतःची दोन लेबलं काढली, त्यातल्या स्वस्त ‘व्हरायटी’वर कॅलोवेला घातलं आणि त्याच वर्षी ते लेबल बंदही पडलं. मग व्होकॅलियन, आणि १९४० मध्ये व्होकॅलियनचंच नाव बदलून ओकेह.

‘मिनी द मूचर’खाली रचनाकार म्हणून कॅलोवे, क्लॅरेन्स गॅस्किल आणि मिल्स अशी तीन नावं आहेत. मॅनेजरनं आपलं नाव रचनाकारांत घालून घ्यायचं, म्हणजे तबकडी विकली की त्यातला वाटा कायमचा त्याला, ही त्या काळची रीत होती. मिल्सनं एलिंग्टन आणि कॅलोवेला मोठी दारं उघडून दिली हे खरंच आहे. पण कृष्णवर्णीय कलाकारांच्या कमाईला ही जी कायमची गळती लागली, तिला केवळ रीत म्हणून सोडून देणं मला जमत नाही.

गाजलेल्या गाण्याचीच पुन्हा रेकॉर्ड का?

इथे ॲपवरच्या गोंधळाचं मूळ आहे. १९३१ ची कोरणी ज्या मालकीसाखळीत गेली ती डेका, एमसीए या कंपन्यांतून फिरत आज युनिव्हर्सलकडे आहे. पुढे कॅलोवे ज्या लेबलांकडे गेला ती दुसऱ्या साखळीतली, जी आज सोनीकडे आहे. नव्या कंपनीकडे गायक आला, पण त्याचं सगळ्यांत खपणारं गाणं जुन्या कंपनीच्या कपाटात. मग काय करायचं? पुन्हा गाऊन घ्यायचं. १९४२ मध्ये ओकेहसाठी त्यानं ‘मिनी’ नव्यानं कोरली. १९७८ मध्ये डिस्कोच्या लाटेत आणखी एक झाली. त्यात रेडिओवरची प्रक्षेपणं आणि १९३२ च्या बेटी बूप कार्टूनमधलं गाणं मिसळा. त्या कार्टूनमध्ये कॅलोवेच्या चित्रित केलेल्या खऱ्या हालचाली गिरवून नाचणारा वॉलरस काढला होता.

ॲपवर जे साल दिसतं ते बहुतेकदा सीडी किंवा संग्रह निघाल्याचं असतं, गाणं कोरल्याचं नव्हे. म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

“पण हा नुसता नाचा होता ना? खरा जॅझ कुठे?”

हा आक्षेप मी जाणकारांकडूनही ऐकला आहे आणि तो मनापासून खोडून काढावासा वाटतो.

कॅलोवे वादकांना चांगला पगार द्यायचा, आणि तेव्हाचे उत्तमोत्तम वादक त्याच्याकडे टिकत. १९३६ मध्ये बासवादक मिल्ट हिंटन आला तो दीड दशक राहिला. पुढच्या वर्षी बेन वेब्स्टरच्या जागी सॅक्सोफोनवर चू बेरी आला, मग ड्रमवर कोझी कोल, आणि १९३९ मध्ये विशीतला ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी. यानंतरच्या तबकड्यांत हळूहळू एक बदल कानावर येतो. गाणारा मालक बाजूला सरकतो. ‘प्लकिन द बास’मध्ये हिंटनच्या बोटांना मोकळं रान मिळतं. १९४० च्या ‘पिकिन द कॅबेज’मध्ये गिलेस्पीची स्वतःची रचना आहे, आणि पुढे त्यानं जे नवं जॅझ घडवलं त्याचं बी तिथे स्पष्ट ऐकू येतं.

त्याच गिलेस्पीला सप्टेंबर १९४१ मध्ये कॅलोवेनं काढून टाकलं. हार्टफर्डच्या कार्यक्रमात रंगमंचावर कोणीतरी कागदाचा ओला बोळा फेकला, कॅलोवेला वाटलं गिलेस्पीनं. बाचाबाची झाली, गिलेस्पीनं सुरी काढली, कॅलोवेला लागलं. बोळा खरं तर बँडमधल्याच जोना जोन्सनं फेकला होता. त्याच्या पुढच्याच महिन्यात चू बेरी मोटार अपघातात गेला, अवघ्या ३३ व्या वर्षी. एका शरद ऋतूत बँडचे दोन मोठे आवाज नाहीसे झाले.

१९४२: तबकड्याच थांबल्या

यादी बघताना १९४२ च्या जुलैनंतर एकदम भगदाड दिसतं. गायक आजारी नव्हता, बँडही मोडला नव्हता. वादकांच्या संघटनेनं १ ऑगस्ट १९४२ पासून रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला होता. म्हणणं सरळ होतं: आमची तबकडी हॉटेलातल्या नाणं टाकायच्या यंत्रात आणि रेडिओवर दिवसभर वाजते, त्यामुळे प्रत्यक्ष वाजवायला आम्हाला कोणी बोलवत नाही आणि त्या वाजण्याचे पैसेही मिळत नाहीत. कोलंबिया आणि व्हिक्टर या बड्या कंपन्यांशी तडजोड व्हायला नोव्हेंबर १९४४ उजाडला. त्यातच युद्धामुळे लाखेची टंचाई, सरकारनं रेकॉर्ड कंपन्यांचा लाखेचा वाटा जबरदस्त कापलेला.

या काळातला कॅलोवे ऐकायचा तर चित्रपटात. १९४३ च्या ‘स्टॉर्मी वेदर’मध्ये तो ‘जम्पिन जाइव्ह’ गातो, जे १९३९ मध्ये त्याच्या तबकडीवर प्रचंड खपलं होतं, आणि निकोलस बंधू जिन्यावर असे नाचतात की बघणाऱ्याचा श्वास अडकतो.

बहिष्कार उठला तोवर लोकांची आवड बदलली होती. बँडला मागे सारून एकटे गायक पुढे आले. १९४४ मध्ये नाचघरांवर ३० टक्के कर बसला, पंधरा-सोळा माणसांचा पगार आणि रेल्वेभाडं परवडेनासं झालं. १९४८ च्या सुमारास मोठा बँड संपला.

“दहा लाख प्रती खपल्या, पहिल्या क्रमांकावर होतं, हे खरं का?”

‘मिनी’बद्दल दोन्ही विधानं सर्रास छापली जातात. गाणं अफाट गाजलं यात शंका नाही. पण अमेरिकेत दुकानांतल्या खपावर आधारलेली रेकॉर्डची साप्ताहिक यादी १९४० मध्ये सुरू झाली आणि मोठ्या खपाबद्दल दिली जाणारी अधिकृत सोनेरी तबकडी १९५८ मध्ये. १९३१ साली देशभरच्या खपावरून ‘पहिला क्रमांक’ ठरवणारी अशी यादी नव्हती. ते क्रमांक नंतरच्या लोकांनी मागे जाऊन बसवले आहेत. आणि अख्ख्या धंद्याचा खप साठ लाखांवर घसरत असताना एका गाण्यानं झटक्यात दहा लाख खपावं हे अवघड वाटतं. अनेक वर्षांचा, अनेक आवृत्त्यांचा मिळून आकडा असेल तर गोष्ट निराळी.

मग २०२७ मध्ये खुलं काय होणार?

पुरणपोळीकडे परत येऊ. अमेरिकेत १९३१ च्या गाण्यावरचा, म्हणजे शब्द आणि चालीवरचा हक्क ९५ वर्षांनी संपतो. म्हणून १ जानेवारी २०२७ पासून तिथे कोणीही ‘मिनी द मूचर’ नव्यानं गावं, चाल बदलावी, नाटकात घालावं. ती कृती खुली होईल.

तेव्हाची पोळी मात्र नाही. त्या दिवशी कोरलेल्या टेकवरचा हक्क वेगळा आहे. अशा जुन्या ध्वनिमुद्रणांना अमेरिकेत १०० वर्षं दिली आहेत, म्हणजे १९३१ ची तबकडी तिथे १ जानेवारी २०३२ ला खुली होईल. १९४२ ची तबकडी त्यानंतर ११ वर्षांनी. १९७८ ची तर फारच पुढे. भारतात ध्वनिमुद्रणाच्या हक्काची मुदत ६० वर्षांची आहे.

ऐकायला कुठून सुरुवात करावी?

३ मार्च १९३१ ही तारीख दिलेली ‘मिनी’ आधी ऐका, मग १९४२ ची. पहिलीत बॅन्जो खडखडत चालतो, दुसरीत खाली हिंटनचा बास आहे आणि तेच गाणं जमिनीवरून उचलल्यासारखं वाटतं. ज्यांना ‘अलबेला’ची गाणी आवडतात त्यांना यात ओळखीचं काही सापडेल. तीसच्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये अमेरिकन जॅझ बँड येऊन वाजवत होते, ते ऐकत गोव्याचे वादक तयार झाले, आणि त्यांतला हळदोण्याचा चिक चॉकलेट पुढे ‘अलबेला’चे संगीतकार सी. रामचंद्र यांचा साहाय्यक झाला.

आणि शेवटी १९४० ची ‘अ घोस्ट ऑफ अ चान्स’. लेबलवर मोठ्या अक्षरांत कॅब कॅलोवेचं नाव आहे, पण तो त्यात गातच नाही. पूर्ण तीन मिनिटं चू बेरीचा सॅक्सोफोन, सावकाश, जवळ बसून बोलल्यासारखा, मागे बँड अगदी हलका. ज्याच्या नावावर लोक तिकीट काढत होते त्या माणसानं आपली एक तबकडी आपल्या वादकाला दिली आणि स्वतः गप्प राहिला.